अलिबाग जवळ आले, समुद्र मात्र दूरच

मुंबईकरांच्या दृष्टीने अलिबाग हे अंतराने नेहमीच जवळचे आणि प्रवासाने नेहमीच लांबचे गाव होते. गेटवेपासून मांडव्यापर्यंत समुद्रावरून सरळ रेघ मारली तर ती वीस किलोमीटरहून बरीच कमी भरते. रस्त्याने जायचे तर मात्र पनवेल, पेण आणि वडखळ असा वळसा घालून शंभराच्या जवळपास किलोमीटर कापावे लागतात, आणि वडखळ नाक्यावर नशिबाने साथ दिली नाही तर त्या अंतराला तासांचे कोणतेही गणित लागू पडत नाही. ही परिस्थिती गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलली. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह थेट मांडव्याला नेऊन सोडणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि शिवडीहून उरणच्या बाजूला उतरणे ही काही मिनिटांची बाब ठरली. बॅ. अंतुले यांच्या काळापासून केवळ चर्चेत असलेल्या रेवस-कारंजा पुलाचे कामही आता हाती घेण्यात आले आहे. थोडक्यात, शनिवारी सकाळी चहा घेऊन निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला अलिबागेत असेल, अशी व्यवस्था बऱ्याच अंशी झाली आहे.

परंतु तेथे पोहोचल्यावर हे कुटुंब करते काय, या प्रश्नाचे उत्तर फारसे समाधानकारक नाही. प्रवास जितका सोपा झाला, तितका सहलीचा कार्यक्रम आक्रसत गेला. पोहण्याचा तलाव असलेला भाड्याचा बंगला, संध्याकाळी तासभर किनारा, तेथे पाण्यावरच्या स्कूटरची एक फेरी, फुगवलेल्या केळ्यावर बसून समुद्रात पडण्याची हौस, वाळूतून धावणारी चारचाकी मोटारसायकल, आणि रविवारी दुपारी परतीच्या रांगेत उभे राहण्याची घाई. समुद्राकाठच्या गावी जाऊन क्लोरिनच्या पाण्यात डुंबणे ही ज्याच्या-त्याच्या आवडीची गोष्ट असली, तरी हजारो कुटुंबे दर आठवड्याला तेच करू लागली की तो केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. त्या तलावांचे पाणी कुठून येते, त्या बंगल्यांसाठी कोणाची जमीन जाते आणि किनाऱ्यावर उरलेल्या गर्दीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न मग सार्वजनिक होतात.

जमिनीचा प्रश्न अलिबागला नवा नाही. याच तालुक्यातील चरी येथे १९३३ साली कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठबळ दिले आणि कूळकायद्याच्या इतिहासात त्याची नोंद झाली. ज्या जमिनीसाठी शेतकऱ्यांनी सहा वर्षे उपासमार सोसली, त्याच पट्ट्यातील भातखाचरे आणि वाड्या त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी शहरी खरेदीदारांना विकल्या, हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा की अर्थशास्त्राचा नियम, यावर दुमत होऊ शकेल. शेती परवडत नाही आणि गुंठ्याचा भाव डोळे दिपवणारा आहे, अशा स्थितीत विकणाऱ्याला दोष देणे शहरात बसून सोपे असते. प्रश्न आहे तो विकत घेतलेल्या जमिनीवर काय उभे राहते आणि कुठे उभे राहते, हा. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ सालची. तरीही किहीमच्या किनाऱ्यावर नीरव मोदी याचा आलिशान बंगला उभा राहिला, आणि तो ८ मार्च २०१९ रोजी स्फोटके लावून पाडावा लागला. त्या स्फोटाचे चित्रण देशभर दाखवले गेले. पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघड झाला नसता तर तो बंगला पाडण्याची निकड कितपत वाटली असती, ही शंका मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे. त्याच वर्षीच्या नव्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागांसाठी बांधकामबंदीची मर्यादा भरतीरेषेपासून दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणली. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना घरे दुरुस्त करता यावीत हा त्यामागचा हेतू रास्तच होता. त्याचा लाभ गावकऱ्याला अधिक होतो की बंगलेवाल्याला, हे पाहण्यासाठी किहीम, आवास, सासवणे, नागाव या गावांतून एक चक्कर पुरेशी आहे. कित्येक ठिकाणी रस्त्यावरून समुद्र दिसत नाही, फक्त कुंपणभिंती दिसतात.

ज्या कुटुंबाला अलिबाग खरोखर पाहायचे आहे, त्याने घड्याळ बाजूला ठेवून भरती-ओहोटीचे कोष्टक हाती घ्यावे. याचे कारण कुलाबा किल्ला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला हा किल्ला किनाऱ्यासमोरच्या खडकावर उभा आहे. भरतीच्या वेळी त्याला चोहोबाजूंनी पाण्याचा वेढा पडतो आणि ओहोटीला वाळूतून चालत थेट दरवाजापर्यंत जाता येते. कान्होजी आंग्र्यांनी येथूनच आरमाराचा कारभार केला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन सत्तांनी एकत्र येऊन अलिबागवर चाल केली आणि दोघांनाही हात हलवत परतावे लागले. आत १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, गोड्या पाण्याची सोय आहे आणि तटावर चाकांच्या गाड्यावरील दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर १८४९ हे साल आहे, म्हणजे आंग्र्यांचे संस्थान खालसा झाल्यानंतरचे. या तोफांनी कान्होजींनी इंग्रजांशी झुंज दिली, असे एखाद्या हौशी मार्गदर्शकाने सांगितले तर मुलांना ते साल वाचून दाखवावे.

या किल्ल्यावर केव्हा जायचे, हे कोकणातली जुनी माणसे पंचांगावरून सांगत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, असा तो साधा हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या जवळपास येते आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी. त्या दिवसांत वाळू चांगली उघडी पडते खरी, पण हिवाळ्यात संध्याकाळच्या ओहोटीला किल्ल्यावर गेलेल्या माणसाला परतताना अंधार आणि भरती असे दोन्ही गाठते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो. पाणी फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही, आणि भर ओहोटीतही गुडघाभर पाण्यातून जावे लागते. हे सर्व लक्षात घेतले तर लहान मुले आणि वडीलधारी बरोबर असलेल्या कुटुंबाला पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या तृतीया-चतुर्थीची सकाळ सर्वांत सोयीची. किल्ल्यात सिद्धिविनायक आणि चतुर्थीला नऊ वाजता वाट मोकळी, हा योगायोग समुद्रानेच जुळवून आणलेला आहे. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. नेमक्या वेळेसाठी छापील कोष्टक पाहावे आणि स्थानिक कोळ्याला विचारावे. ओहोटीच्या वेळेच्या आगेमागे सुमारे तासदीड तास एवढीच सुरक्षित मुभा धरावी. घोडागाडीवाले मोठ्या पाण्यातूनही नेऊन सोडतात. आणण्याची हमी पाण्याकडे असते.

एवढी माहिती दहा ओळींच्या फलकावर मावू शकते. त्या दिवशीची ओहोटीची वेळ आणि किल्ल्यातून शेवटचे बाहेर पडण्याची वेळ, ठळक अक्षरांत, किनाऱ्यावर आणि किल्ल्याच्या दरवाजात, रोज बदललेली. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. पर्यटन विकासाच्या नावाखाली सेल्फीसाठी गावाच्या नावाची मोठमोठी अक्षरे उभारणाऱ्या यंत्रणांना एका खडूचा खर्च जड जाऊ नये. भरतीत अडकलेल्या पर्यटकांना बोटीने सोडवून आणल्याच्या आणि किनाऱ्यावर नेलेल्या मोटारी वाळूत रुतून लाटांच्या तोंडी पडल्याच्या बातम्या या जिल्ह्यात नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यात पर्यटकांचा उतावळेपणा असतोच. पण ज्याने आयुष्यात समुद्र फक्त मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाहिला, त्याला पाणी किती वेगाने आणि कोणत्या बाजूने चढते हे कळावे कसे? ते पाणी बऱ्याचदा समोरून येत नाही. मागच्या सखल पट्ट्यातून गुपचूप भरते, आणि पुढे कोरडी वाळू असतानाच परतीची वाट बुडालेली असते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर जीवरक्षक, मनोरे, सूचनाफलक यांच्या घोषणा झाल्या. काही ठिकाणी त्या प्रत्यक्षात आल्या, काही ठिकाणी एका हंगामापुरत्या. गोव्यात २००८ सालापासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची कायमस्वरूपी व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्राच्या सातशे किलोमीटरहून अधिक लांब किनाऱ्यावर ती जबाबदारी ग्रामपंचायत, नगरपरिषद, पोलीस आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्यात विभागलेली आहे, आणि विभागलेल्या जबाबदारीचे जे होते तेच तिचे होते. जलप्रवासाचीही हीच कथा. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून निघालेली प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली तेव्हा पोलिसांच्या गस्ती नौकेने तत्परता दाखवली म्हणून ८८ प्रवाशांचे प्राण वाचले. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली तेव्हा तसे नशीब सर्वांच्या वाट्याला आले नाही. बोटीत चढताना प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट आहे की नाही, हे पाहणे आईवडिलांचे काम आहे आणि नसल्यास बोट सोडू न देणे हे बंदर निरीक्षकाचे. पहिले काम करताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

किनारा आणि किल्ला यांच्या पलीकडचे अलिबाग तर पर्यटकांच्या नकाशावर जवळजवळ नाहीच. मांडव्याहून जवळच सासवणे येथे शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे घर आता संग्रहालय आहे. पुण्यात १९२८ साली बसवलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारा हा कलावंत. पण सासवण्याला त्यांच्या घरच्या अंगणात दिसतात ती गावातली माणसे, कोळीण, बसलेली म्हैस. लहान मुले त्या म्हशीपाशी थबकतात आणि मोठी माणसे करमरकरांचे नाव आपल्याला ठाऊक नव्हते याचे आश्चर्य करतात. रेवदंड्याच्या रस्त्यावरील अक्षी येथे शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील शिलालेख आहे. त्यावरील शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला गेला आणि त्या आधारे तो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. काही अभ्यासक तो सुमारे दोन शतके नंतरचा धरतात. हा वाद विद्वानांनी जरूर घालावा. पण मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा जल्लोष करणाऱ्या राज्यात हा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपावसात पडून होता आणि त्याकडे लक्ष गेले ते अगदी अलीकडे, ही गोष्ट कोणत्याही कालनिर्णयावर अवलंबून नाही. त्यापुढे रेवदंडा आणि चौल. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात याच बंदरात उतरला. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही घराघरांतून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती टिकली आहे.

खुद्द गावात इस्रायल आळी आहे, तिथे बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर आहे. या समाजाच्या पूर्वजांचे गलबत जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले आणि मराठीच बोलत राहिले. अली नावाच्या याच समाजातील एका धनिकाच्या बागांवरून गावाला अलिबाग हे नाव पडले, ही आख्यायिका खरी मानली तर ‘अलिबागहून आलास का’ या कुचेष्टेला निराळाच अर्थ प्राप्त होतो. त्या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. अशा विनोदांचा इतका त्रास करून घेऊ नये, असा सल्ला देऊन न्यायालयाने ती निकाली काढली.

अलिबागच्या बदलाचे सार मात्र एका निराळ्याच वास्तूत दडलेले आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. जुन्या नोंदींशी मेळ बसावा म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी समांतर मोजमाप झाले आणि त्यामुळे जगातील प्रदीर्घ चुंबकीय नोंदमालिकांपैकी एक आज भारताकडे आहे. ही संशोधन संस्था आहे, सहलीचे ठिकाण नव्हे. पण विज्ञान शिकणाऱ्या मुलांना ती बाहेरून दाखवून ही हकीकत सांगायला पाच मिनिटे पुरतात. मुंबईच्या जवळ, तरीही मुंबईच्या गडबडीपासून पुरेसे दूर, या एकाच गुणासाठी शास्त्रज्ञांनी तेव्हा अलिबाग निवडले होते. तो गुण आता किती वर्षे टिकेल, हा प्रश्न निव्वळ पर्यटनाचा नाही.

खाण्यापिण्याच्या बाबतीतही शहर आपल्या सवयी बरोबर घेऊन येते. अलिबागचा पांढरा कांदा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. भाताच्या कापणीनंतर लावलेला हा गोडसर कांदा उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला माळांनी टांगलेला दिसतो. त्याआधी, ऐन थंडीत वालाच्या शेंगा लगडल्या की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी भरून ते मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा, हा प्रकार मुलांना कोणत्याही उपाहारगृहापेक्षा अधिक आवडतो आणि त्याचे पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताज्या पापलेटाचा हट्ट धरणाऱ्या पर्यटकाच्या ताटात कुठला तरी बर्फातला मासा येणार, हे उघड आहे. त्याऐवजी खाजणातल्या तळ्यांचा जिताडा किंवा वाळवलेल्या बोंबलाचे कालवण मागावे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या किनारपट्टीवरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे झाड उत्पन्नाला यायला वर्षे लागतात, आणि मधल्या काळात अनेक वाडीमालकांना पर्यटकांच्या दोन खोल्यांनीच तारले. कुंपणाआडच्या बंगल्याऐवजी अशा घरगुती मुक्कामाची निवड केली तर रात्री बाजेवर पडून ऐकायला मिळणारे वादळाचे वर्णन हा वेगळा लाभ.

आता या साऱ्यात खांदेरीची भर पडली आहे. थळच्या किनाऱ्यासमोरचे हे जलदुर्गाचे बेट जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. इंग्रज आणि सिद्दी या दोघांचा विरोध मोडून १६७९ साली बांधलेला हा दुर्ग, त्यावरचा १८६७ सालचा दीपस्तंभ, ठोकल्यावर धातूसारखा आवाज करणारा खडक आणि थळच्या कोळ्यांचा वेताळ हे सारे तेथे एकत्र नांदते. आजवर तेथे जाण्यासाठी थळच्या एखाद्या होडीवाल्याशी बोलणी करावी लागे. पावसाळ्यात मार्ग बंदच. जागतिक वारशाचा शिक्का बसल्यावर गर्दी वाढणार, धक्क्याची, स्वच्छतागृहांची, मोठ्या बोटींची मागणी होणार आणि ठेकेही निघणार. वेताळाच्या वार्षिक नवसाला आपल्या होडीने जाणाऱ्या कोळ्याला त्या ठेक्यात स्थान असेल की त्याला तिकीट काढून रांगेत उभे राहावे लागेल, हे ठरवण्याची वेळ गर्दी येण्यापूर्वीची असते. कुलाबा किल्ला या यादीत नाही. तेथे अजूनही समुद्रच ठरवतो की दिवसातून किती तास, आणि कोणाला, आत सोडायचे.